वाघ सोडल्यानंतर



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातल्या कित्येक पिढ्यांना रानात पायी हिंडायला शिकवलं. त्यांच्या नावाने भरणाऱ्या सभेत रानाविषयी बोलायला मिळावं, हे मी माझं भाग्य समजतो. विषयही तुमच्या दाराशी आलेला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली 'चंदा' नावाची तरुण वाघीण चांदोलीत आणली गेली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एकूण आठ वाघ आणायला परवानगी मिळाली आहे, त्यातली ही पहिली. तेव्हापासून या भागात जाईन तिथे मला एकच प्रश्न विचारला जातो: "आता आपल्याकडे वाघ झाले ना?"

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. वाघ आणला, एवढंच अजून झालं आहे. पिंजऱ्याचं दार माणूस उघडतो, पण त्या रानात राहायचं की नाही हे जनावर ठरवतं. ते ठरवायला त्याला कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात, आणि त्या काळात ते आपल्या नकाशाच्या आत राहतं असं नाही. आपल्या देशाने गेल्या अठरा वर्षांत वाघ, गवे, चित्ते नव्या जागी नेऊन सोडले. त्या अनुभवातून मला जे कळलं आहे ते असं: सोडण्याच्या दिवसावर आपण जेवढं लक्ष देतो, तेवढं पुढच्या चालण्यावर दिलं, तरच ही कामं तडीस जातात.

सरिस्का: रिकाम्या जंगलात पहिलं पाऊल

२००४-०५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदोपत्री वाघ होते, जंगलातले मात्र शिकाऱ्यांनी संपवले होते. देशभर गदारोळ झाला. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं आणि पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झालं. २८ जून २००८ रोजी रणथंभोरचा एक नर वाघ हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सरिस्कात आणला. आठवडाभरात एक वाघीणही आली. वाघ नष्ट झालेल्या रानात दुसरीकडचे जंगली वाघ नेऊन वसवायचे, हा प्रयोग स्वतंत्र भारतात तोवर झालेला नव्हता.

लोकांना वाटलं, नर आहे, मादी आहे, आता पिल्लं होतील. पिल्लं दिसायला २०१२ साल उजाडलं. आणलेला पहिला नर तोवर जिवंतही नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये विषबाधेने तो मेला. इतका उशीर का झाला, याचा शोध घेताना दोन गोष्टी पुढे आल्या. पहिल्या काही वाघांचं आपसात रक्ताचं जवळचं नातं होतं. आणि सरिस्काच्या पोटात गावं आहेत, गुरं आहेत, रस्ते आहेत, पांडुपोल हनुमानाचं देवस्थान आहे. मंगळवारी-शनिवारी तिथे भाविकांच्या गाड्यांची रीघ लागत असे. शास्त्रज्ञांनी वाघांची विष्ठा गोळा करून तिच्यातलं तणावाचं संप्रेरक मोजलं, तेव्हा माणसांच्या वावराशी त्याचा संबंध दिसून आला. वाघ तिथे राहत होते, शिकार करत होते, पण निवांत नव्हते. निवांतपणा नसेल तर वाघिणीचं गर्भारपण आणि पिल्लांचं संगोपन अवघड होतं.

आज सरिस्कात वाघांची संख्या चाळीसच्या वर गेली आहे. पहिल्या चार वर्षांत जे टीकाकार 'पैसे वाया गेले' म्हणत होते, त्यांनी घाई केली होती. पण तो काळ कसा गेला हे आपण विसरलो, तर पुढच्या प्रत्येक ठिकाणी तीच घाई आणि तीच निराशा आपल्या वाट्याला येईल.

पन्नाचा 'टी-३'

मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाची कथा याहून बोधप्रद आहे. २००९ साली पन्नाही वाघांपासून रिकामं झालं. मार्च २००९ मध्ये बांधवगडहून आणि कान्हाहून एकेक वाघीण आणली गेली. त्या टी-१ आणि टी-२. मग नर हवा होता, तो नोव्हेंबरात पेंचहून आणला. तो टी-३. आर. श्रीनिवास मूर्ती हे तेव्हा पन्नाचे क्षेत्र संचालक होते.

टी-३ ला काही दिवस कुंपणाच्या आत ठेवून मग मोकळं केलं. गळ्यात रेडिओ कॉलर होती. दोन आठवड्यांच्या आतच त्याने पन्नाची हद्द ओलांडली आणि दक्षिणेची वाट धरली. ज्या पेंचमधून त्याला उचललं होतं, ते पेंच दक्षिणेलाच आहे. ट्रकमध्ये, भुलीच्या अमलाखाली, रस्त्याने आणलेल्या वाघाला आपलं रान कुठल्या दिशेला आहे हे कसं कळलं, याचं पूर्ण उत्तर आजही आपल्यापाशी नाही. पण तो भरकटलेला नव्हता. शेतं, नद्या, रस्ते, वस्त्या यांच्यामधून तो महिनाभर चालला आणि सुमारे ४४० किलोमीटर अंतर त्याने तोडलं. दिवसा तो झुडपात पडून राहायचा आणि रात्री चालायचा. ज्या गावांच्या कडेने तो गेला, त्यांतल्या बहुतेकांना वाघ येऊन गेल्याचा पत्ताही लागला नाही.

त्याच्या मागे हत्ती, जीपगाड्या आणि वनकर्मचारी होते. मागावर राहणं म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. हातात काटेरी दिसणारी अँटेना असते, कानाला रिसीव्हर असतो. कॉलरमधून येणारी 'टक्-टक्' ज्या दिशेला मोठी ऐकू येते, ती दिशा होकायंत्राने टिपायची. मग दुसऱ्या टेकाडावर चढून पुन्हा दिशा टिपायची. दोन-तीन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे वाघ. मध्ये डोंगर आला की आवाज विरतो, ओढ्यात उतरलात की उलटाच प्रतिध्वनी येतो. जनावर बराच वेळ हललं नाही, तर अनेक कॉलरमधल्या ठोक्यांची गती बदलते, आणि मग ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो: झोपलाय, की मेलाय? हे काम चोवीस तास चालतं. डिसेंबरच्या थंडीत पन्नाच्या माणसांनी ते महिनाभर केलं.

२५ डिसेंबर २००९ रोजी दमोह जिल्ह्यात टी-३ ला पुन्हा बेशुद्ध केलं आणि दुसऱ्या दिवशी पन्नात आणून सोडलं. या वेळी मात्र त्या मंडळींनी वेगळा विचार केला. हा वाघ का गेला? त्याला इथे आपल्या जातीचं कुणी आहे, याची खूणच मिळाली नव्हती. मग भोपाळच्या वनविहारातून वाघिणीचं मूत्र आणून ते जंगलात ठिकठिकाणी शिंपडलं. वाघ त्या वासाने थांबला, फिरला आणि टी-१ शी त्याची गाठ पडली. १६ एप्रिल २०१० रोजी टी-१ ने चार पिल्लांना जन्म दिला. पन्नात तो दिवस पहिल्या पिल्लांचा वाढदिवस म्हणून आजही साजरा होतो. पन्नात आज पन्नासच्या वर वाघ आहेत, आणि त्यांच्या वंशावळीत मागे मागे गेलं की हा पळून गेलेला टी-३ भेटतो.

श्रोतेहो, त्या डिसेंबरात 'प्रयोग फसला, वाघ पळाला' म्हणून टी-३ ला एखाद्या प्राणिसंग्रहालयात पाठवणं सोपं होतं. तसं झालं असतं, तर पन्ना आज कदाचित रिकामंच असतं.

वाघ का चालतो?

आता यामागचं शास्त्र पाहू. वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं आणि स्वतःचं क्षेत्र शोधायला लागतं. आपल्याकडे लेक सासरी जाते. वाघांच्यात लेक माहेराशेजारी राहते आणि मुलगा घर सोडतो. वाघीण शक्यतो आईच्या क्षेत्राला लागून आपलं क्षेत्र मांडते. नर मात्र लांब जातो, कारण जवळच्या क्षेत्रावर त्याच्या बापाचा किंवा दुसऱ्या दांडग्या नराचा ताबा असतो.

नर किती लांब जातो, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या टी१-सी१ या तरुण नराला २०१९ च्या मार्चमध्ये कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणात जाऊन आला, मराठवाड्यातून फिरला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचं एकूण चालणं तीन हजार किलोमीटरच्या घरात गेलं. कापसाच्या आणि सोयाबीनच्या रानांतून, नाल्यांच्या काठाने तो चालत राहिला. त्याला कुणी उचलून कुठे सोडलं नव्हतं, तो आपल्या मर्जीने निघाला होता. म्हणजे चालणं हा वाघाचा स्वभावच आहे.

उचलून सोडलेल्या वाघाच्या बाबतीत या स्वभावात दोन गोष्टींची भर पडते. पहिली, मूळ जागेची ओढ. महाराष्ट्राने ती बिबट्यांमध्ये पाहिली आहे. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका पोक्त बिबट्याला २००९ साली कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. तो सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून थेट मुंबईच्या वेशीवर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोहोचला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. जुन्नरच्या उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा मोठा प्रयोग या शतकाच्या सुरुवातीला झाला होता. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की, जिथे हे बिबटे सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं आणि त्याची किंमत तिथल्या गावाला मोजावी लागते.

दुसरी गोष्ट, ओळखीच्या खुणांचा अभाव. वाघ झाडाच्या कललेल्या खोडावर, खालच्या अंगाला मूत्राची पिचकारी मारतो. तिथे पावसाने वास लगेच धुऊन जात नाही. मागून येणारा वाघ तिथे थांबतो, हुंगतो, ओठ वर उचलून नाक आक्रसतो. एवढ्यावरून त्याला कळतं की इथून गेला तो नर की मादी, ओळखीचा की परका, काल गेला की आठवड्यापूर्वी. जंगलातली जागा रिकामी आहे, भरलेली आहे की जोडीदाराची आहे, हे तो अशाच खुणांवरून जाणतो. रिकाम्या जंगलात सोडलेल्या वाघाला यातलं काहीच मिळत नाही. भक्ष्य भरपूर असलं, पाणी असलं, तरी 'आपलं कुणी नाही' ही जाणीव त्याला पुढे चालायला लावते.

पन्नातल्या वाघांच्या कॉलरच्या नोंदींचा अभ्यास झाला आहे. त्यात सर्वसाधारणपणे असा क्रम दिसतो: सोडल्यावर सुरुवातीला वाघ दूरवर भटकतो, नवा मुलूख चाचपून पाहतो, मग फेऱ्या आखूड होत जातात, काही जागा तो पुन्हा पुन्हा धरतो, आणि शेवटी क्षेत्र कायम होतं. यातल्या पहिल्या टप्प्यात, वाघ हद्दीबाहेर असताना, आपण घाबरून त्याला सारखं बेशुद्ध करून मागे आणत राहिलो, तर त्याचं चाचपणं पुरं होणार कधी?

कळपातल्या जनावराचं वागणं निराळं असतं. बांधवगडमधून गवे नव्वदच्या दशकात नाहीसे झाले होते. २०११ आणि २०१२ मध्ये कान्हाहून पन्नास गवे तिथे नेले. ते गटागटाने नेले, आधी मोठ्या कुंपणात ठेवले आणि मग मोकळे केले. गव्याला धीर कळपाचा असतो, म्हणून कळप टिकवला की काम सोपं होतं. एकट्या राहणाऱ्या वाघाला हा आधार नाही, म्हणून त्याच्या बाबतीत बाहेरच्या माणसांची तयारी जास्त लागते.

तीन ठेचा

ही तयारी नसली की काय होतं, ते ओडिशातल्या सतकोसियात दिसलं. जून २०१८ मध्ये कान्हाहून 'महावीर' नावाचा नर आणि बांधवगडहून 'सुंदरी' नावाची वाघीण तिथे आणली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ नेऊन वसवण्याचा हा देशातला पहिला प्रयत्न. सुंदरी गावांच्या जवळपास फिरू लागली. सप्टेंबरात एक बाई वाघाच्या हल्ल्यात गेली, पुढच्या महिन्यात आणखी एक माणूस गेला. लोकांचा उद्रेक झाला. नोव्हेंबरात महावीर मेलेला सापडला. त्याच्या अंगावरची जखम फाशाची होती. सुंदरीला पकडून कुंपणात ठेवलं आणि २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवलं. जनावरांची निवड, त्यांची वाहतूक, त्यांच्यावरचे उपचार, हे सगळं झालं होतं. ज्यांच्या शेताच्या बांधावर ही जनावरं येणार होती, त्या माणसांना मात्र विश्वासात घेतलं गेलं नव्हतं. ज्या गावाला वाघ येणार हे बातमीतून कळतं, त्या गावाने वाघाला आपलं मानावं अशी अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसरी घटना ओडिशातल्याच सिमिलिपालची, आणि ती थेट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली. सिमिलिपालमधल्या वाघांची संख्या थोडी आणि बाहेरून नवं रक्त येणं जवळजवळ बंद. त्यामुळे तिथे काळ्या, रुंद पट्ट्यांचे वाघ मोठ्या प्रमाणात दिसतात. एका जनुकातल्या बदलामुळे हे होतं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. नवं रक्त यावं म्हणून २०२४ च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि जीनत या दोन वाघिणी तिथे पाठवल्या. जमुना त्या परिसरात राहिली. जीनतने डिसेंबरात सिमिलिपाल सोडलं. ती झारखंडात गेली, तिथून पश्चिम बंगालच्या झाडग्राम, पुरुलिया, बांकुडा या जिल्ह्यांत शिरली. तीन आठवडे तीन राज्यांची वनखाती तिच्या मागे होती. २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून परत आणलं. दोघी एकाच जंगलातल्या, एकाच हंगामात नेलेल्या, तरी एक राहिली आणि एक निघाली. प्रत्येक वाघाची प्रकृती वेगळी असते. 'ताडोबाची वाघीण असंच वागते' असं ठोकळेबाज भाकीत आपल्याला करता येत नाही.

तिसरी घटना चित्त्यांची. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. 'ओबान' नावाचा नर, ज्याचं नाव पुढे 'पवन' झालं, पुन्हा पुन्हा कुनोबाहेर जात राहिला आणि त्याला पुन्हा पुन्हा आणावं लागलं. मग पावसाळ्यात काही चित्ते दगावले. कॉलरखाली कातडीला जखमा झाल्या होत्या आणि त्यांत अळ्या पडल्या होत्या. कारण पाहा: दक्षिण गोलार्धात जून-जुलै म्हणजे हिवाळा. हे चित्ते भारतात आले, तरी त्यांच्या शरीराचं पंचांग तिकडचंच होतं. आपल्या ओल्या पावसाळ्यात त्यांच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव आली, ती कॉलरखाली ओली राहिली आणि कातडी सडली. सगळे चित्ते पुन्हा कुंपणात घ्यावे लागले. त्यांना वाचवण्यासाठीच ती कॉलर लावली होती, पण नव्या हवामानात तिचं काय होईल हे आपण पुरेसं जोखलेलं नव्हतं.

सह्याद्रीत

आता आपल्या रानाकडे येतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. इथल्या वाघांची मुळं दक्षिणेला आहेत. चांदोलीतून राधानगरी, तिथून आंबोली-तिळारी, पुढे गोव्यातलं म्हादई, कर्नाटकातलं भीमगड आणि काळी व्याघ्र प्रकल्प, अशी ही रानांची साखळी आहे. गेल्या काही वर्षांत इथे कॅमेऱ्यात टिपलेले सेनापती, सुभेदार आणि बाजी हे तिन्ही नर आहेत.

तिन्ही नरच का? उत्तर आपण मघाशीच पाहिलं. नर लांब जातो, मादी आईजवळ थांबते. या साखळीत जागोजागी रस्ते, खाणी, रबराची लागवड, रिसॉर्ट आले आहेत. तरणाबांड नर जीव मुठीत धरून त्यातून वर येतो. वाघीण एवढा पल्ला क्वचितच मारते. तिच्या पिढ्या शेजारी शेजारी क्षेत्र मांडत, टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात. पण मधले टप्पेच सुरक्षित नसतील, तर त्या सरकणार कशा? जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या परिसरात, सत्तरी तालुक्यात, एक वाघीण आणि तिची पिल्लं मिळून चार वाघ विषबाधेने मेले. आपल्या चांदोलीकडे सरकू शकणारी एक पूर्ण शाखाच तिथे तुटली. म्हणून ताडोबातून वाघिणी आणाव्या लागत आहेत. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण वाघीण आणली म्हणून साखळीची गरज संपत नाही, उलट वाढते. इथे जन्मणारे नर मोठे होऊन निघणार आहेत, आणि त्यांना निघायला वाट हवी.

ताडोबा आणि चांदोली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिकडे सपाटीवरचं सागवान आणि बांबू, उन्हाळ्यात पाणवठ्यावर गोळा होणारी चितळं. इकडे उभे कडे, सडे, दाट सदाहरित रान, मुख्य भक्ष्य गवा आणि सांबर, आणि कोयनेच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस. वाघ सुंदरबनच्या खारफुटीपासून हिमालयाच्या उतारांपर्यंत सगळीकडे राहतो, त्यामुळे ही वाघीणही शिकेल. पण शिकायला वेळ लागतो, आणि शिकताना ती चुकून वस्तीशेजारी येऊ शकते, एखादी म्हैस मारू शकते. त्या दिवशी आपण कसे वागतो, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडून काय हवं?

म्हणून काही गोष्टी आग्रहाने मांडतो.

पहिली, माग काढणाऱ्या माणसांची. पन्ना वाचलं ते कुठल्या यंत्रामुळे नाही, तर रात्रंदिवस मागावर राहिलेल्या वनरक्षकांमुळे आणि वनमजुरांमुळे. हद्दीबाहेरच्या गावांतली तरुण मुलं या कामात घ्यायला हवीत, त्यांना नियमित पगार हवा. ज्याच्या गावातला मुलगा वाघाच्या मागावर आहे, ते गाव अफवेवर विश्वास ठेवत नाही.

दुसरी, भरपाईची. गुरं मारली गेली की पंचनामा त्याच दिवशी व्हावा आणि पैसे तातडीने हातात पडावेत. मेलेल्या जनावरावर विष टाकण्याचा मोह होतो तो रागामुळे, आणि राग वाढतो तो हेलपाट्यांमुळे. सरिस्कातला पहिला नर आणि म्हादईतले चार वाघ विषानेच गेले, हे लक्षात ठेवा.

तिसरी, वाटांची. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खालून वाट ठेवलेले पूल आणि भुयारी मार्ग महाराष्ट्रातच बांधले आहेत, आणि वाघ त्यांखालून जाताना कॅमेऱ्यात टिपले गेले आहेत. हे पेंचला जमतं, तर सह्याद्रीतल्या प्रत्येक घाटरस्त्याच्या रुंदीकरणात आधीच का होऊ नये? रस्ता झाल्यावर मागून पूल बांधणं महागही पडतं आणि सहसा होतही नाही.

चौथी, गर्दीची. हद्दीबाहेर आलेल्या वाघाला सर्वांत मोठा धोका मोबाइल घेऊन धावणाऱ्या जमावाचा असतो. घेरलेला वाघ हल्ला करतो, मग तो 'नरभक्षक' ठरतो. आपल्या गावच्या ग्रामसभेने हे आधीच ठरवून ठेवावं: वाघ दिसला तर वनखात्याला कळवायचं, गुरं आत घ्यायची, मुलं घरी ठेवायची आणि त्याला जाऊ द्यायचं. टी-३ महिनाभर चालला तो लोक त्याच्या वाटेत आले नाहीत म्हणून.

आणि शेवटची, धीराची. वाघीण हद्द ओलांडेल तेव्हा वर्तमानपत्रांत 'वाघीण पळाली' असे मथळे येतील. कुणी म्हणेल परत पाठवा, कुणी म्हणेल प्रयोग गुंडाळा. तेव्हा या सभागृहातल्या माणसांनी उठून सांगावं की ती पळालेली नाही, ती मुलूख पाहते आहे. सरिस्काला पहिल्या पिल्लांसाठी चार वर्षं लागली. पुढे २०२४ मध्ये सरिस्कात वाढलेला एक तरुण नर हरियाणातल्या रेवाडीपर्यंत चालत गेला. काहींना ती डोकेदुखी वाटली. मला तो सरिस्काच्या यशाचा दाखला वाटतो. जागा भरली, म्हणून तरुण वाघ बाहेर पडला.

सह्याद्रीतल्या या कामाचं मोजमाप किती वाघ आणले यावर करू नका. दहा वर्षांनी दोन प्रश्न विचारा. चांदोलीत जन्मलेली वाघीण आपल्या आईशेजारी क्षेत्र धरून पिल्लं वाढवते आहे का? आणि तिचा भाऊ राधानगरी-तिळारीच्या वाटेने जिवंत दक्षिणेला पोहोचला आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वनखात्याच्या कामावर अवलंबून आहे. दुसऱ्याचं उत्तर या वाटेवरच्या शेकडो गावांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर आहे. दोन्ही उत्तरं 'हो' आली, तर त्या दिवशी म्हणता येईल की सह्याद्रीत वाघ झाले.